जमीन दिल्लीची, गरज कोल्हापूरची

मागच्या अंकात घरफाळ्यावर, म्हणजे मालमत्ता करावर लिहिताना केंद्र सरकारच्या जागांचा विषय जाता जाता निघाला आणि त्यावरच एवढे मेसेज आले की या वेळचं पान त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, फक्त पेठ नि गाव. पत्रं थोडी कापलीत, भाषा मात्र जशी आली तशीच आहे.

वकीलसाहेब, नमस्कार. आमच्या चौकात एक मोठा डिजिटल फलक लागलाय, "केंद्राच्या जागेचा प्रश्न मार्गी, पाठपुराव्याला यश" आणि खाली दहा-बारा फोटो. मंडळातली पोरं म्हणत्यात आता तिथं महापालिकेचं पार्किंग होणार. मी म्हटलं नुसता ठराव झाला असेल. ठराव झाला म्हणजे जागा मिळाली का हो?
— राजारामपुरी

नाही मिळाली. महापालिकेचा ठराव म्हणजे आपल्या बाजूनं मागणी, बास. तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की शेजारच्याचा प्लॉट घ्यायचा, तर त्यानं शेजाऱ्याचा प्लॉट तुमचा होत नाही ना, तसंच.

आता खरी गाडी कशी चालते ते सांगतो. केंद्राची जमीन म्हणजे कुठल्या तरी खात्याची जमीन, रेल्वेची, टपाल खात्याची, संरक्षण खात्याची, मिठागरांची, काय असेल ते. त्या खात्यानं आधी म्हणायला पाहिजे की ही जागा आम्हाला नको. हे वाक्य कागदावर यायलाच वर्षं जातात, कारण कुठलाच अधिकारी स्वतःच्या सहीनं "नको" लिहीत नाही, उद्या कुणीतरी विचारेल की का सोडली. मग केंद्राचे सामान्य वित्तीय नियम आहेत, 2017 चे, त्यात स्पष्ट आहे की सरकारची जमीन सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही, घेणारी स्थानिक संस्था असली तरी. दर साधारणपणे बाजारभावाचा. आणि 2011 साली केंद्रानं अजून एक कुलूप घातलं, एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडं जाणारी जमीन सोडली तर बाकी कुणालाही जमीन द्यायची असेल तर थेट केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. पुढं त्यात काही सवलती आल्या, पण रस्ता अजूनही लांबच आहे. म्हणजे तुमच्या चौकातल्या पार्किंगची फाइल आधी खातं, मग मंत्रालय, मग अर्थ खातं, आणि विक्रीच असेल तर बहुतेक मंत्रिमंडळ, असा प्रवास करून येणार.

रेल्वेची जागा असेल तर आणखी एक मेख. 2005 साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती करून रेल्वेनं मोकळ्या जमिनीचा व्यापारी विकास करायला वेगळं प्राधिकरणच काढलंय. त्यामुळं आपल्याला जी पडीक, झुडपं वाढलेली जागा दिसते ती रेल्वेच्या हिशोबात उद्याचं उत्पन्न असतं. रेल्वे विकायला तयार होत नाही, फार तर भाडेपट्टा किंवा लायसन्स. 2022 च्या धोरणात मालवाहतूक टर्मिनलसाठी 35 वर्षांचा पट्टा बाजारभावाच्या दीड टक्का वार्षिक दरानं, आणि पीपीपीतल्या, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीतल्या हॉस्पिटलला किंवा केंद्रीय विद्यालयाला तर वर्षाला चौरस मीटरमागं एक रुपया, असं ठरलंय. पार्किंगचं त्यात नाव नाही. मला विचाराल तर महापालिकेनं विकत मागायचा हट्टच सोडावा, लायसन्सवर मिळतंय का ते बघावं, पार्किंगला मालकी कशाला लागते.

आणि तो डिजिटल लावणाऱ्यांना एकच विचारा, आदेशाचा नंबर काय आणि त्यात विक्री लिहिलीय, पट्टा लिहिलाय, लायसन्स लिहिलंय की नुसतं "ना हरकत" लिहिलंय. चारही कागदांवर सही-शिक्का सारखाच दिसतो पण पहिल्यात जागा तुमची होते, दुसऱ्यात ठरावीक वर्षं तुमच्याकडं राहते, तिसऱ्यात कधीही जा म्हणतील, आणि चौथ्यात अजून काहीच झालेलं नसतं. माझा अंदाज चौथा.

शेवटी केंद्राचं काय नि राज्याचं काय, सगळं सरकारीच ना? या खिशातलं त्या खिशात. कलेक्टरांनी मनावर घेतलं तर एका दिवसात आदेश निघेल. शेंडा पार्कच्या जागा कशा देतात?
— शिवाजी पेठ

हा गैरसमज इतका पक्का बसलाय की चांगले शिकलेले लोक पण हेच बोलतात. शेंडा पार्कची जमीन राज्य सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांकडची, तिथं हायकोर्टाच्या सर्किट बेंचला जागा द्यायची तर मुंबईत मंत्रालयात निर्णय होतो आणि कलेक्टर ऑफिस अंमलबजावणी करतं. केंद्राच्या जमिनीवर कलेक्टरांचा तसा काही अधिकारच चालत नाही. घटनेनंच दोघांची मालमत्ता वेगळी धरलीय.

उदाहरण मुंबईचंच घ्या. ऑक्टोबर 2020 मध्ये मेट्रो कारशेडसाठी कांजूरमार्गची 102 एकर जागा उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी एमएमआरडीएला, म्हणजे राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला दिली, आदेश निघाला, कामाला सुरुवात पण झाली. केंद्र म्हणालं जागा आमच्या मिठागर खात्याची आहे. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि 16 डिसेंबर 2020 ला हायकोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली, काम बंद. पुढं 2022 मध्ये कारशेड परत आरेलाच गेलं. दोन्ही सरकारंच, दोघांचे वकील जनतेच्या पैशानं, आणि मध्ये मेट्रो लटकली. तेव्हा या खिशातलं त्या खिशात वगैरे काही नसतं, खिसे एकाच शर्टाचे नाहीत.

आता आपल्याकडं हा घोळ मुंबईपेक्षा जास्त आहे, कारण आपण संस्थान. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर विलीन झालं तोपर्यंत सगळी सरकारी जमीन दरबारची. रेल्वे सुद्धा संस्थानची, 1891 ला मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत गाडी आली ती कोल्हापूर स्टेट रेल्वे. विलीनीकरणानंतर रेल्वे, तार, टपाल हे दिल्लीकडं आणि बाकीचं राज्याकडं असं वाटप झालं, पण कागदोपत्री प्रत्येक प्लॉटची नोंद त्याप्रमाणं बदलली असेलच असं नाही. नगर भूमापन कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिका काढा आणि धारकाचा रकाना बघा. कुठं "भारत सरकार" आणि पुढं खात्याचं नाव असतं, ते झकास. कुठं नुसतं "सरकार" एवढंच लिहिलेलं असतं, तिथं बखेडा, कारण दोघंही म्हणतात सरकार म्हणजे आम्ही. मग मागचे फेरफार उलटे वाचत जायचं, आणि 1949 च्या पलीकडं गेलात की मोडी सुरू, ती कागदं पुरालेखागारात शोधायची आणि मोडी वाचणारा माणूस पण शोधायचा. हे काम महापालिकेनं ठराव करायच्या आधी करायचं असतं. बहुतेक वेळा नंतर करतात.

अजून एक, बीएसएनएलची जागा म्हणजे केंद्राची जागा असं सरसकट म्हणू नका, ती 1 ऑक्टोबर 2000 पासून कंपनी आहे, विमानतळ प्राधिकरण पण वेगळी कायदेशीर संस्था. तिथं वाटाघाटी वेगळ्या, नियम वेगळे. आणि देवस्थानच्या जमिनी तर फार वेगळं प्रकरण, तो विषय इथं काढू नका, पान पुरणार नाही.

मग सरळ भूसंपादन करा की. आमच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेताना कुणी विचारत नाही.
— उचगाव

राग समजतो. पण राज्याला किंवा महापालिकेला केंद्राची जमीन सक्तीनं घेता येत नाही. उलटं मात्र चालतं, केंद्र राज्याची जमीन संपादन करू शकतं, पश्चिम बंगालच्या केसमध्ये 1962 ला सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिलाय. विकास आराखड्यात केंद्राच्या प्लॉटवर बागेचं नाहीतर पार्किंगचं आरक्षण टाकलं तरी नकाशात हिरवा-पिवळा रंग येतो, मालक तोच राहतो. त्यामुळं मागणं आणि पटवणं हाच मार्ग.

परीख पुलाचं काय ते एकदा सांगा. दर पावसाळ्यात पाणी, दर पावसाळ्यात तीच बातमी. महापालिकेला विचारलं तर म्हणतात रेल्वेची हद्द. ती जागा महापालिकेच्या नावावर का करून घेत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला.
— शाहूपुरी

परीख पुलाखालनं पावसात टू-व्हीलर घातलेली नाही असा माणूस स्टेशनच्या आजूबाजूला सापडायचा नाही, त्यामुळं प्रश्न अगदी जिव्हाळ्याचा आहे. पण तुम्ही सुचवलेला उपाय सगळ्यात अवघड आहे आणि मुळात गरजेचा नाही.

वर रूळ आहेत. रूळ ज्या जमिनीवर आहेत ती जमीन रेल्वे कुणालाही देणार नाही, आणि देऊ पण नये, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. महापालिकेला तिथं काय पाहिजे तर रस्ता वापरायचा हक्क, आणि रुळांखालनं पाण्याची वाट. दोन्ही मालकीशिवाय मिळतं. पाइपलाइन, गटार, केबल रुळांखालनं न्यायची परवानगी असते, तिला रेल्वेत वे-लीव्ह म्हणतात, महापालिका अर्ज करते, नकाशा देते, फी भरते. मोठं काम असेल, म्हणजे पूल रुंद करायचा किंवा नवीन भुयारी मार्ग काढायचा, तर ते डिपॉझिट वर्क. त्यात महापालिका रेल्वेकडं पैसे भरते आणि रुळांच्या हद्दीतलं काम रेल्वे स्वतः करते, देखरेखीचा खर्च लावून. त्याच्या आधी जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे एकूण काम कसं बसणार त्याचा नकाशा, दोन्हीकडनं मंजूर व्हायला लागतो. आपला भाग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो, त्यामुळं कागद पुण्याला.

मग एवढं सोपं आहे तर अडतं कुठं? माझ्या बघण्यात अशी कामं तीन ठिकाणी अडतात आणि त्यात मालकी कुठंच नाही. एक म्हणजे रेल्वेनं दिलेलं एस्टिमेट महापालिकेच्या बजेटमध्ये त्या वर्षी बसत नाही, पुढच्या वर्षी बसवेपर्यंत दर वाढतो, परत नवीन एस्टिमेट. दुसरं, अधिकारी बदलतो आणि नवीन माणूस नकाशात दुरुस्ती काढतो. तिसरं आणि खरं दुखणं, पुलाखालचं पाणी उपसून किंवा वळवून सोडायचं कुठं, म्हणजे पुढचा नाला मोकळा पाहिजे, आणि तो भाग शंभर टक्के महापालिकेचा. तिथं हद्दीचं कारण चालत नाही. तुम्ही पुढच्या वेळी निवेदन द्याल तेव्हा "जागा ताब्यात घ्या" असं मोघम न लिहिता विचारा की वे-लीव्हचा अर्ज कधी केला, ड्रॉइंग कुणाकडं पडलंय, किती पैसे भरले. माहिती अधिकारात दोन्हीकडं एकाच दिवशी अर्ज टाका, एक महापालिकेत आणि एक रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचा. मजा येते.

केंद्राची ऑफिसं घरफाळा भरत नाहीत हे खरं का? मग गटार, लाइट, कचरा आमच्या पैशातनं का?
— कसबा बावडा

अर्धं खरं. घटनेचं कलम 285, केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा महापालिकेचा कर नाही. 1950 च्या आधीपासून एखाद्या मालमत्तेवर कर चालू असेल तर त्यापुरता एक अपवाद आहे, आणि रेल्वेसाठी रेल्वे कायद्यात वेगळं कलम आहे. पण कर नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. राजकोट महापालिकेच्या केसमध्ये नोव्हेंबर 2009 ला सुप्रीम कोर्टापुढं ठरलं की केंद्राच्या खात्यांनी सेवाशुल्क द्यायचं. सगळ्या सेवा वापरत असतील तर इतरांना लागणाऱ्या मालमत्ता कराच्या 75 टक्के, थोड्या वापरत असतील तर 50, आणि स्वतःची कॉलनी स्वतःच सांभाळत असतील तरी 33 टक्क्यांच्या आसपास, नेमकं सांगायचं तर एक तृतीयांश. त्यासाठी महापालिकेनं त्या खात्याशी करार करायचा, दरवर्षी बिल काढायचं. बिल काढलं नाही तर कोण आपणहून चेक घेऊन येणार आहे.

कंपन्या आणि महामंडळांना ही सूट आपोआप मिळत नाही, फूड कॉर्पोरेशनच्या बाबतीत 1999 ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय.

आता यात जमिनीचा संबंध काय ते बघा. जागा केंद्राची असेपर्यंत महापालिकेला तिच्यावर खर्च कमी आणि थोडंफार सेवाशुल्क येतं. जागा महापालिकेची झाली की कंपाउंड, वॉचमन, लाइट, झाडलोट, अतिक्रमण हटवणं, कोर्टकचेरी सगळं आपल्या गळ्यात. शहर 66.82 चौरस किलोमीटरचं, 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द तेवढीच, त्यामुळं जागेची भूक आहे हे मान्य, पण स्वतःच्या ताब्यातल्या खुल्या जागांची काय अवस्था आहे ते एकदा फिरून बघा नि मग दिल्लीकडं हात पसरा असं माझं मत. काही जणांना झोंबेल.

माझा मुलगा अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ असतो. तो सांगत होता की तिथं केंद्र सरकारनं स्टेडियमची मोठी जागा शहराला देऊन टाकली, ते पण फुकट. तिकडं जमतं, मग इकडं का नाही?
— ताराबाई पार्क

काका, मुलानं सांगितलं ते बरोबर आहे, फक्त "देऊन टाकली" तेवढं सोडून.

ती जागा आरएफके स्टेडियमची, अॅनाकोस्टिया नदीच्या काठाला, साधारण 174 एकर. मालक अमेरिकेचं केंद्र सरकार, सांभाळायला नॅशनल पार्क सर्व्हिस. शहराकडं ती आधीपासूनच भाडेपट्ट्यानं होती, 2038 पर्यंत, पण अट अशी की खेळ आणि करमणूक यापलीकडं काही करायचं नाही. आणि स्टेडियम जुनं होऊन बंद पडलेलं, म्हणजे भोवती मोठमोठे पार्किंग लॉट आणि मध्ये पडका सांगाडा. शहराला तिथं घरं, दुकानं, बाग आणि फुटबॉलचं, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचं, नवीन स्टेडियम पाहिजे होतं. त्यासाठी अमेरिकन संसदेला वेगळा कायदा करायला लागला. फेब्रुवारी 2024 मध्ये खालच्या सभागृहात पास, डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये, आणि 6 जानेवारी 2025 ला अध्यक्ष बायडन यांची सही.

त्या कायद्यात काय मिळालं ते वाचण्यासारखं आहे. मालकी नाही मिळाली. जमिनीचा मालक अजूनही केंद्रच. शहराला मिळाला तो 99 वर्षांसाठी प्रशासकीय ताबा, म्हणजे तिथं काय बांधायचं, कुणाला परवानगी द्यायची हे शहर ठरवणार. आणि अटी आहेत. नदीकाठचा पट्टा सोडून उरलेल्यातला किमान 30 टक्के भाग बाग आणि मोकळी जागा म्हणून ठेवायचा, आणि केंद्राचा पैसा स्टेडियम बांधायला वापरायचा नाही. फुकट म्हणाल तर जमिनीचे पैसे लागले नाहीत हे खरं, पण पुढं त्या जागेवरचा सगळा खर्च शहराचा. आणि वॉशिंग्टन हे तसं वेगळंच शहर, कुठल्या राज्यात नाही, थेट संसदेच्या देखरेखीखालचं, त्यामुळं कोल्हापूरशी ताडून बघताना जरा दमानं.

खरोखर मालकी दिल्याचं उदाहरण पाहिजे असेल तर ते न्यूयॉर्कचं. समुद्रात गव्हर्नर्स आयलंड म्हणून बेट आहे, आधी लष्कर आणि नंतर कोस्ट गार्ड तिथं होतं, ते गेल्यावर 2003 मध्ये बेटाचा बहुतांश भाग, सुमारे 150 एकर, एका डॉलरला शहर आणि राज्याला विकला. जुन्या किल्ल्यांचा 22 एकर तुकडा मात्र केंद्रानं स्वतःकडं ठेवला. एक डॉलर ऐकून आपण हुरळतो, पण त्या व्यवहारात जागेचा वापर लोकांसाठीच करायचा अशी बंधनं चिकटलेली आहेत.

मुद्दा असा की तिकडं पण आधी केंद्राला वाटायला लागलं की ही जागा आपल्याला नको आणि सांभाळायचा ताप आहे, मगच ती सुटली. आणि शहरानं काय करणार याचा आराखडा आधी दाखवला. आपल्याकडनं जाणाऱ्या मागण्यांमध्ये "जनतेच्या सोयीसाठी" एवढीच ओळ असते, त्यापलीकडं आराखडा मी तरी क्वचित बघितलाय.

माझी बहीण खडकीला दिलीय. तिथं कँटोन्मेंट जाऊन महापालिका येणार म्हणतात. मग तिचं घर ज्या जागेवर आहे ती जागा महापालिकेची होणार का? ती फार काळजीत आहे.
— कागल

ताईंना सांगा, महापालिका आली म्हणून जमिनीचा मालक आपोआप बदलत नाही. कँटोन्मेंटमधला नागरी भाग वगळून शेजारच्या महापालिकेत घालायचं केंद्रानं ठरवलंय, हिमाचलचं योल हे 2023 ला पहिलं. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं रस्ते, दवाखाने, शाळा, पाणी योजना अशा नागरी सोयींसाठी उभं केलेलं सगळं विनामोबदला राज्याकडं किंवा महापालिकेकडं, कँटोन्मेंट बोर्डाची देणी पण त्यांच्याकडंच, पण जिथं जमिनीची मालकी केंद्राची आहे तिथं ती केंद्राकडंच राहणार. कर भरायचं ऑफिस बदलेल, बांधकाम परवानगीचं ऑफिस बदलेल. घराचा जो मूळ कागद आहे, पट्टा असो की जुनी ग्रँट, तो जपून ठेवायला सांगा आणि मुदत कधी संपते ते बघायला सांगा.

आमची घरं रूळाच्या कडेला आहेत, वडिलांपासून. नोटीस आलीय. एकजण म्हणतो महापालिकेचं झोपडपट्टी कार्ड आहे म्हणजे कुणी हात लावत नाही. खरं का?
— नाव-गाव नको

खरं नाही, आणि त्या माणसाच्या नादाला लागू नका. कार्ड म्हणजे तुम्ही तिथं राहता याचा पुरावा, ते पुनर्वसन मागताना फार उपयोगी पडतं, पण केंद्राच्या जमिनीवर राज्याचं किंवा महापालिकेचं कार्ड मालकाविरुद्ध ढाल होत नाही. नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते आधी वाचा. 1971 चा सार्वजनिक जागांचा कायदा असेल तर नोटीस काढणारा असतो इस्टेट ऑफिसर, आणि त्याच्यापुढं लेखी म्हणणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे. तो वापरा, गप्प बसू नका. आदेश विरोधात गेला तर जिल्हा न्यायाधीशांकडं अपील, आणि त्याची मुदत फक्त 12 दिवस. महिनाभर पुढाऱ्यांच्या दारात घालवाल तर ती निघून जाईल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, कोर्टातच ऑफिस असतं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्ज घरातल्या बाईच्या नावानं करता येतो का ते तिथंच विचारा.

आजोबांची जमीन फार वर्षांपूर्वी केंद्राच्या एका खात्यासाठी घेतली. निम्म्या जागेत काहीच बांधलं नाही, आजपण मोकळी आहे. आता ती महापालिकेला द्यायची चर्चा चालू आहे. लागत नव्हती तर आम्हाला परत नको का?
— गांधीनगर रोड

मनाला पटणारं उत्तर आणि कायद्याचं उत्तर इथं वेगवेगळं आहे. जुन्या, म्हणजे 1894 च्या कायद्याखाली रीतसर संपादन होऊन ताबा आणि पैसे दिले गेले असतील तर जमीन सरकारची झाली ती झाली. केरळच्या भास्करन पिल्लै प्रकरणात 1997 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की एका कामासाठी घेतलेली जमीन उरली तर ती दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरायची, नाहीतर जाहीर लिलाव करायचा, मूळ मालकाला स्वस्तात परत द्यायचं बंधन नाही. महापालिकेचं उद्यान हे सार्वजनिक कामच धरलं जाणार.

नवीन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, त्यात कलम 101 आहे, ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना, नाहीतर सरकारच्या लँड बँकेला. ते "नाहीतर" वाचून वारसांचा जीव वर-खाली होतो, कारण निवड सरकारच्या हातात ठेवलीय. शिवाय तुमचं संपादन जुनं, त्यामुळं हे कलम सरळ लावता येईल असं मला वाटत नाही.

पण थांबा, दोन गोष्टी तपासल्याशिवाय हे प्रकरण बंद करू नका. पहिली, त्या मोकळ्या तुकड्याचं खरंच संपादन झालंय का. बरेचदा नोटीस पूर्ण गटाची निघते आणि निवाडा, म्हणजे संपादनाचा शेवटचा आदेश, कमी क्षेत्राचा होतो, म्हणजे उरलेला तुकडा कागदावर अजून आजोबांचाच आणि कंपाउंड मात्र खात्याचं. त्यासाठी भूसंपादन कार्यालयातनं निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल, कमी-जास्त पत्रक म्हणजे क.जा.प., ताबा पावती आणि त्या काळातले सातबारे, एवढं काढा आणि निवाड्यातलं क्षेत्र नि मोजणीतलं क्षेत्र ताडून बघा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला करायचा. दुसरी, सगळा मोबदला उचललाय का. कोर्टात जमा केलेला वाढीव मोबदला वारसांनी न काढल्यामुळं तसाच पडून राहिलेल्या केसेस मी बघितल्यात. हे काम जागा महापालिकेच्या नावावर चढायच्या आधी करा, एकदा नवीन फेरफार झाला की तुम्हाला एकाऐवजी दोन सरकारी संस्थांना पार्टी करायला लागणार. निवाड्याची नक्कल हातात आली की मला झेरॉक्स पाठवा, पहिलं पान नि क्षेत्राचा तक्ता असलेलं पान, तेवढं पुरे.